देऊळ नसलेल्या धर्माचा धर्मसेवक

मराठी ख्रिस्ती समाजांत पाद्रीसाहेबांस ‘पाळक’ म्हणण्याचा प्रघात आहे. कळप राखणारा, चुकल्या मेंढराच्या मागें जाणारा मेंढपाळ, असा या शब्दाचा भाव. आणि इंग्रजींत ज्यास ‘पास्टर’ म्हणतात त्याचाही मूळ अर्थ हाच. रुग्णाच्या उशाशीं बसून त्याचें ऐकणें, तुरुंगांतल्या माणसाला भेटणें, मरणाच्या दारीं असलेल्यास सोबत करणें, या कामास पाश्चात्त्य देशांत म्हणूनच पाळकाचें काम असें नांव पडलें. हें काम जो देवळांत न राहतां रुग्णालय, तुरुंग, सैन्य किंवा विद्यापीठ अशा एखाद्या संस्थेंत राहून करतो तो ‘चॅप्लेन’. या शब्दाची कुळकथा मोठी गमतीची आहे. तूर येथील संत मार्टिन यानें थंडीनें कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, अशी आख्यायिका आहे. त्या झग्याचा उरलेला भाग म्हणून जें वस्त्र दाखवीत तें फ्रँक राजांनीं मोठ्या भक्तीनें जपलें. लॅटिन भाषेंत झग्यास ‘काप्पा’. तो जपणारे पुरोहित ते ‘काप्पेल्लानी’. आणि त्यांचे वारस आजचे चॅप्लेन. एका कुडकुडणाऱ्या अनोळखी माणसाला दिलेल्या ऊबेपासून हा हुद्दा निघाला, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे सैन्यांत पंडित, ग्रंथी, मौलवी व पाद्री हे धर्मगुरु नेमलेले असतात. परंतु रुग्णालयांत असा पगारी अधिकारी सहसा आढळत नाहीं. आजाऱ्याच्या मुखांत तुळशीपत्र व गंगाजल घालण्यास घरचीं माणसें असतात, आणि तीं वेळेवर पोंचलीं नाहींत तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची म्हातारी आई उठते. अमेरिकेंत व इंग्लंडांत हें काम संस्थेनें पत्करलें आहे. आणि संस्थेनें पत्करलें म्हणजे परीक्षा, प्रमाणपत्र, शिफारसपत्र हीं सारीं ओघानें आलींच. ज्या धर्माला देवळें, विद्यालयें व बिशप आहेत त्याच्या माणसाला हा रस्ता बांधलेला मिळतो. ज्याच्यापाशीं यांतलें कांहींच नाहीं, अशा धर्माच्या माणसानें काय करावें, हा प्रश्न तेथील पेगन लोकांपुढें आज कित्येक वर्षें उभा आहे.

‘पेगन’ हा शब्द मराठी वाचकाला अगदींच परका नाहीं. जुन्या मिशनऱ्यांच्या लिखाणांत तो आपल्याच वाडवडिलांना उद्देशून आलेला आहे. मूळ लॅटिन ‘पागानुस’ म्हणजे खेडवळ. जुने देव न सोडणाऱ्यांस नव्या धर्माच्या लोकांनीं हें नांव दिलें. त्या काळीं जें हिणवण्यासाठीं वापरलें तें आतां युरोप-अमेरिकेंतील कांहीं लोकांनीं अभिमानानें आपलेंसें केलें आहे. इंग्लंडांत जादूटोण्याविषयींचा जुना कायदा १९५१ सालीं रद्द झाला. १९५४ सालीं जेराल्ड गार्डनर यानें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि ‘विक्का’ नांवाचा पंथ उजेडांत आला. त्याच्या जोडीला ड्रुइड, ओडिन व थोर यांचे उपासक, देवीचे उपासक असे अनेक पंथ आहेत. निसर्गांत देवत्व मानणें, देवांइतकाच देवींना मान देणें, ऋतुचक्रांतले सण पाळणें, एवढें साधारणपणें समान. बाकी ज्याचें त्याच्यापाशीं. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या खानेसुमारींत सुमारें ७४ हजार लोकांनीं आपला धर्म ‘पेगन’ असा आणि सुमारें १३ हजारांनीं ‘विक्का’ असा लिहिला. अमेरिकेची खानेसुमारी धर्म विचारीतच नाहीं.

हे लोक बहुधा कोणाच्या तरी दिवाणखान्यांत, परसांत किंवा रानांत जमतात. मंडळें लहान, विक्का पंथांत तेरा माणसांचें मंडळ पुरेसें समजतात. कित्येक जण तर एकटेच उपासना करतात, आणि आपण कोणत्या धर्माचे हें शेजाऱ्यालाही सांगत नाहींत. नोकरी जाईल, घटस्फोटाच्या दाव्यांत मुलांचा ताबा जाईल, निदान सासू बोलणें टाकील, अशा भीति त्यामागें असतात. अशी एखादी बाई रुग्णालयांत दाखल झाली, कीं दाखल्याच्या कागदावर धर्माचा रकाना ती कोरा ठेवते. मग सायंकाळीं कोणी भला चॅप्लेन येतो, उशाशीं बसतो, बायबल उघडतो. ती ‘आभारी आहें’ म्हणून भिंतीकडे वळते. त्या चॅप्लेनचा यांत दोष नसतो. पण ज्या रात्रीं माणसाला कोणाशीं तरी बोलावेंसें वाटतें, त्या रात्रीं ती बाई एकटी राहते. पेगन धर्मसेवकाचा प्रश्न म्हणजे मूळांत या बाईचा प्रश्न आहे.

आतां हें काम शिकावयाचें कोठें? येथें अमेरिकेंतील एका विलक्षण माणसाचें स्मरण करावें लागतें. अँटन बॉइसन हा ख्रिस्ती धर्मोपदेशक. १९२० सालीं त्याला वेडाचा तीव्र झटका आला व मनोरुग्णालयांत महिनेच्या महिने काढावे लागले. तेथें त्याच्या ध्यानांत आलें कीं, डॉक्टर येतात ते शरीराकडे पाहतात, पाद्री येतात ते पोथीकडे पाहतात. समोरच्या माणसाला वाचणारा कोणीच नाहीं. बरा झाल्यावर तो मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयांत चॅप्लेन झाला, आणि १९२५ च्या उन्हाळ्यांत त्यानें धर्मशास्त्राचे मूठभर विद्यार्थी रुग्णांच्या सेवेस आणून बसविले. ग्रंथ जसा बारकाईनें वाचावयाचा तसें दुःखांत सांपडलेलें माणूसही वाचावयास शिकलें पाहिजे, हें त्याचें सूत्र. त्या रोपट्याचा आज वृक्ष झाला आहे. ‘क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन’ या नांवानें हें शिक्षण अमेरिकेंतील शेकडों रुग्णालयांतून मिळतें. त्याचा एक टप्पा किमान ४०० तासांचा असतो, आणि व्यवसायाचें पूर्ण प्रमाणपत्र हवें असल्यास असे चार टप्पे, म्हणजे १,६०० तास, भरावे लागतात.

या शिक्षणाची रीत पाहण्यासारखी आहे. विद्यार्थी रुग्णाला भेटून येतो आणि झालेलें संभाषण आठवून शब्दशः लिहून काढतो: रुग्ण काय म्हणाला, आपण काय म्हणालों, मध्येंच आपण गप्प कां झालों, विषय कां बदलला. तो कागद मग पांच-सहा सहाध्यायी व एक शिक्षक यांच्यापुढें वाचावयाचा. ‘तिनें मरणाचें नांव काढतांच तुम्ही हवेची गोष्ट कां काढलीत?’ असा प्रश्न येतो आणि विद्यार्थ्यास घाम फुटतो. शाळेंत निबंधाची वही तपासतांना चूक कागदावर असते. येथें ती माणसाच्या अंगांत असते, आणि ती त्यानें सर्वांदेखत पाहावयाची असते. स्वतःच्या वडिलांचें मरण ज्यानें कधीं नीट सोसलें नाहीं, तो दुसऱ्याच्या वडिलांच्या खाटेपाशीं टिकत नाहीं, हें या वर्गांत लवकर उघड होतें.

विशेष म्हणजे हें दार पेगनाला बंद नाहीं. प्रवेश देतांना पंथ पाहून नकार द्यावयाचा नाहीं, असा या शिक्षणाचा आजचा नियम आहे. अडचण येते ती आंत गेल्यावर. रुग्णालयांतले बहुसंख्य रुग्ण ख्रिस्ती. त्यांतली एखादी आजी हात धरून म्हणते, ‘बाळ, येशूच्या नांवानें माझ्यासाठीं प्रार्थना कर.’ पेगन विद्यार्थ्यानें काय करावें? नाहीं म्हणावें, तर आजी दुखावते. तोंडानें म्हणावें व मनांत दुसरेंच ठेवावें, तर तें ढोंग होतें, आणि आजारी माणसाला ढोंग फार लवकर कळतें. चांगला शिक्षक येथें आयतें उत्तर देत नाहीं. कोणी विद्यार्थी आजीलाच प्रार्थना सांगावयास लावतो आणि स्वतः हात धरून बसतो. कोणी तिला विचारतो, ‘देवाजवळ काय मागूं?’ आणि तिचेच शब्द तिच्या देवापुढें ठेवतो. कोणी तिच्या पंथाच्या पाद्रीसाहेबांना बोलावून आणतो. या तिहींपैकीं मधला मार्ग अधिक सरस म्हणावा लागेल, कारण त्यांत आजीचा धर्मही राहतो व विद्यार्थ्याचें सत्यही राहतें. चॅप्लेननें आपला धर्म दुसऱ्यावर लादूं नये हा त्या व्यवसायाचा कडक नियम आहे. त्याचा उपयोग पेगनाला दोन्ही बाजूंनीं होतो: त्यालाही बंधन, आणि त्याच्या माणसालाही संरक्षण.

यापुढची पायरी धर्मशास्त्राच्या उच्च पदवीची. ही पदवी पूर्ण वेळ शिकल्यास साधारणपणें तीन वर्षांची, आणि खर्चाची. पेगनांचें स्वतःचें असें एक विद्यालय आहे: ‘चेरी हिल सेमिनरी’. तें व्हरमाँट संस्थानांत निघालें व पुढें साउथ कॅरोलायनांत गेलें. तेथील शिक्षण दूरस्थ पद्धतीनें चालतें, कारण त्याचे विद्यार्थी देशभर विखुरलेले. अभ्यासक्रमांत समुपदेशन व धर्मसेवा हे विषय आहेत. मात्र सरकारमान्य मूल्यमापन-संस्थेची मान्यता नसल्यामुळें त्या पदवीचें वजन नोकरी देणाऱ्यांच्या तराजूंत कमी भरत आलें आहे. मान्यता मिळण्यास इमारत, निधि, ग्रंथालय, पगारी अध्यापक लागतात. आणि ज्यांनीं देऊळ बांधलें नाहीं त्यांच्यापाशीं विद्यालयापुरता निधि कोठून असावा? म्हणून पुष्कळ पेगन दुसऱ्याच्या घरीं शिकतात. त्यांत युनिटेरियन लोकांचें घर सर्वांत मोकळें. या पंथानें १९९५ सालीं आपल्या श्रद्धेच्या मान्य उगमांत पृथ्वीला व निसर्गचक्राला पवित्र मानणाऱ्या परंपरांचा समावेश केला, आणि कॅलिफोर्नियांतील त्यांच्या ‘स्टार किंग’ विद्यालयांत पेगन विद्यार्थी उघडपणें शिकूं शकतात. महाराष्ट्राला ही उदारता नवी नाहीं. विठ्ठल रामजी शिंदे हे प्रार्थनासमाजाच्या कार्याची तयारी करण्यासाठीं १९०१ सालीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत गेले, तें युनिटेरियनांच्याच साहाय्यानें. ते ख्रिस्ती झाले नाहींत. शिकून परत आले आणि अस्पृश्यतानिवारणाच्या कामाला लागले. दुसऱ्याच्या घरीं शिकून आपल्या माणसांची सेवा करतां येते, याचें याहून चांगलें उदाहरण शोधावयास नको.

तास भरले, पदवी मिळाली; तरी एक कागद उरतोच. ‘हा मनुष्य आमच्या धर्माचा अधिकृत सेवक आहे व आम्ही त्याच्या पाठीशीं आहों,’ असें धर्मसंस्थेचें शिफारसपत्र. हा कागद निष्कारण मागतात असें नाहीं. उद्यां हा माणूस वाईट वागला तर त्याचे कान कोण धरणार, हा संस्थेचा प्रश्न रास्त आहे. पण हा नियम चर्चच्या मापानें शिवलेला आहे. ज्या धर्माला बिशप नाहीं त्यानें सही कोणाची आणावी? त्यासाठीं पेगनांच्या कांहीं मंडळांनीं कायदेशीर धर्मसंस्थेचें रूप घेतलें. कॅलिफोर्नियांत १९७५ सालीं स्थापन झालेलें ‘कॉव्हेनंट ऑफ द गॉडेस’, विस्कॉन्सिनांतील सेलेना फॉक्स यांचें १९७४ पासूनचें ‘सर्कल सँक्च्युअरी’, टेक्ससमधील ‘सेक्रेड वेल’ हीं त्यांतलीं प्रमुख.

सहीचें महत्त्व किती, हें दोन प्रकरणांवरून दिसतें. इराकमध्यें अमेरिकन सैन्याबरोबर असलेल्या एका पेंटेकोस्टल चॅप्लेननें २००६ सालीं विक्का पंथ पत्करून त्याच पंथाचा चॅप्लेन म्हणून राहण्याची परवानगी मागितली. जुन्या चर्चनें आपली शिफारस काढून घेतली, ‘सेक्रेड वेल’ची शिफारस सैन्यानें मानली नाहीं, आणि त्याला इराकमधून परत बोलावलें गेलें. माणूस तोच, शिक्षण तेंच, आदल्या महिन्यापर्यंत ज्यांच्या उशाशीं बसत होता ते शिपाई तेच. बदलली ती सही. दुसरें प्रकरण याच्या उलट, आणि आपल्याला जवळचें. मूळच्या भारतीय कॅप्टन प्रतिमा धर्म या ख्रिस्ती संस्थेच्या शिफारशीवर अमेरिकन सैन्यांत चॅप्लेन होत्या. २०११ सालीं चिन्मय मिशनच्या अमेरिकेंतील शाखेनें त्यांना शिफारसपत्र दिलें, तें मान्य झालें, आणि त्या सैन्यांतील पहिल्या हिंदु चॅप्लेन ठरल्या. हिंदु धर्मालाही पोप नाहीं कीं बिशप नाहीं. पण सही करूं शकेल अशी एक सुसंघटित संस्था त्यांना मिळाली. पेगन आणि हिंदु यांच्यांतला फरक या बाबतींत श्रद्धेचा नव्हता, संघटनेचा होता.

तुरुंगांची कथा वेगळी व अधिक कटु आहे. व्हर्जिनियांतील एका कैद्याच्या दाव्यांत १९८६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें विक्का हा कायद्याच्या दृष्टीनें धर्मच होय असें ठरविलें. मात्र त्यानें मागितलेल्या मेणबत्त्या, गंधक व टोपीदार झगा सुरक्षिततेच्या कारणास्तव नाकारले तरी चालतील असेंही म्हटलें. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ओहायोंतील कैद्यांच्या दाव्यांत, ज्यांत विक्का पंथाचा एक कैदीही होता, कैद्यांच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा एकमतानें उचलून धरला. कागदावर एवढें झालें. परंतु २००१ सालीं विस्कॉन्सिनांतील वॉपनच्या तुरुंगांत विक्का पंथाची एक बाई चॅप्लेन म्हणून निवडली गेली, तेव्हां विधिमंडळाच्या सभासदांनीं गिल्ला केला. कॅलिफोर्नियांत पॅट्रिक मॅकॉलम हे पेगन धर्मसेवक वर्षानुवर्षें विनावेतन तुरुंगांत जात होते. पगारी जागा तेथें पांचच परंपरांना होत्या: प्रॉटेस्टंट, कॅथॉलिक, यहुदी, मुसलमान व अमेरिकेचे मूळ रहिवासी. मॅकॉलम यांनीं दावा लावला. २०११ सालीं अपील न्यायालयानें सांगितलें कीं, कैद्यांच्या हक्कांची तक्रार कैद्यांनीं करावी, तुम्हांला तो अधिकार नाहीं. म्हणजे मूळ प्रश्न, पगारी जागा या पांचांनाच कां, तो अनुत्तरितच राहिला. न्यायालयाचा तर्क कायद्याला धरून असेलही. पण ज्याला बाहेरचा मित्रच नाहीं तो कैदी दावा कसा लावणार, हें तर्काच्या कक्षेंत आलें नाहीं.

इंग्लंडांत याहून शांतपणें काम झालें. तेथील १९५२ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक तुरुंगांत इंग्लंडच्या चर्चचा चॅप्लेन असलाच पाहिजे. परंतु त्याच्या जोडीला इतर धर्मांचे सेवक घेण्याची प्रथा पडली, आणि त्यांत पेगनही आले. १९७१ पासून चालत आलेल्या ‘पेगन फेडरेशन’नें या कामीं माणसें पुरविलीं. कैद्याला बिनटोपीचा झगा व कांडी म्हणून लवचिक डहाळी ठेवतां येते, असे बारीकसारीक नियमही तेथें लिहिले गेले. डहाळी लवचिकच कां, हें तुरुंगाधिकाऱ्याला समजावून सांगावें लागत नाहीं.

या साऱ्यांत दोष एकट्या सरकारचा व चर्चचा म्हणावा, तर तेंही खरें नाहीं. ‘आमच्यांत प्रत्येक जण स्वतःचा पुजारी’ हें पेगनांचें आवडतें वचन. मनाला तें बरें वाटतें. पण प्रत्येक जण स्वतःचा पुजारी झाला, म्हणजे दुसऱ्याच्या खाटेपाशीं जाण्याचें काम कोणाचेंच उरत नाहीं. दीक्षा घेतांना मंडल कसें आंखावें, देवतेचें आवाहन कसें करावें हें शिकवितात. नुकतें मूल गेलेल्या आईजवळ गप्प कसें बसावें हें दीक्षेंत बहुधा येत नाहीं. शिवाय पुजाऱ्याला पैसे देणें त्यांच्यांतल्या पुष्कळांना गैर वाटतें, आणि मग १,६०० तास ज्यानें खर्चावयाचे त्याच्या घरचें दूध-भाजी कोणीं आणावी, याचा विचार होत नाहीं. हा वाद त्यांच्या समाजांत उघडपणें चालतो, ही आशेची बाजू. स्टारहॉक, माचा नाइटमेअर व त्यांच्या ‘रिक्लेमिंग’ मंडळानें १९९७ सालीं जगण्या-मरण्याविषयींचें एक जाडजूड पुस्तक काढलें, तें याच उणीवेची जाणीव होऊन.

तोंवर काम थांबलेलें नाहीं. पुष्कळ पेगन पूर्ण प्रमाणपत्राच्या वाटेला न जातां शिक्षणाचा एकच टप्पा पुरा करतात आणि जवळच्या रुग्णालयांत किंवा मरणासन्न रुग्णांच्या सेवागृहांत स्वयंसेवक म्हणून नांव देतात. तेथें शिकावयाचें असतें तें साधेंच, पण पोथींत नसलेलें. प्राणवायूची नळी चालू असलेल्या खोलींत मेणबत्ती पेटवितां येत नाहीं. तेव्हां घटावर चालणारी लहानशी ज्योत आणावयाची. विधींतला सुरा दाराबाहेरच राहतो. दिशा दाखवावयास बोट पुरतें. धुपाऐवजीं रुग्णाच्या बागेंतलें रोझमेरीचें पान हातावर चुरडून द्यावें, पण शेजारच्या खाटेवर दम्याचा रोगी आहे काय हें आधीं परिचारिकेला विचारावें. खोलींत पूर्व कोणती हें ठाऊक नसतें; तें खिडकीवरून ठरवितात. आणि रुग्णाच्या उशाशीं बसलेल्या ख्रिस्ती बहिणीला आपण कोण म्हणून सांगावें, हें ठरविण्याचा अधिकार रुग्णाचा. तिनें ‘मैत्रीण आहे’ असें सांगितलें, तर मैत्रीण म्हणून बसावें. तिनें संमति दिली, तरच धर्माच्या त्या कोऱ्या रकान्यांत शब्द भरला जातो.